काशीस जाण्यापूर्वीं

आपल्यापैकीं पुष्कळांच्या देवघरांत, देवांच्या मागल्या बाजूस, एक लहानसा तांब्याचा गडू असेल. त्याचें तोंड डाक लावून बंद केलेलें असतें, आणि अंगावर हळदकुंकवाचीं जुनीं बोटें उमटलेलीं असतात. आमच्या घरींही तो आहे. पणजोबांनीं काशीहून आणलेली गंगा ती हीच, एवढें एक वाक्य त्याच्याबरोबर तीन पिढ्या चालत आलें. ते केव्हां गेले, कोणत्या वाटेनें गेले, कोठें उतरले, यांतलें कांहींच आलें नाहीं. त्या काळीं काशीस निघावयाचें म्हणजे आधीं देण्याघेण्याची निरवानिरव करावयाची, आणि सुखरूप परत आल्यावर गंगापूजन करून गांवाला मावंदें घालावयाचें. मधले महिने घरच्यांनीं काढावयाचे ते वाटेकडे डोळे लावून.

आज सकाळीं मुंबईहून विमानानें निघालेला मनुष्य दुपारच्या जेवणास काशींत असूं शकतो. त्यामुळें यात्रेची तयारी म्हणजे तिकीट, उतरण्याची जागा आणि दर्शनाची वेळ अशीं तीनच कलमें उरलीं आहेत. या तिन्हींत चौथें एक घालावें, अशी विनंति करण्यासाठीं मी आज आपल्यापुढें बोलत आहें. तें कलम म्हणजे काशीचा नदीकांठ. तो पाहावयाचा नाहीं असें कोणीच ठरवीत नाहीं. परंतु संध्याकाळची आरती दशाश्वमेधावर उभें राहून पाहिली, होडींतून एक फेरी मारली, कीं तो पाहून झाला असें बहुतेक जण समजतात. काय पाहिलें असें विचारलें तर उत्तर येतें: केवढें प्राचीन आहे हो सारें!

येथेंच माझी अडचण आहे. काशी अतिप्राचीन आहे यांत वाद नाहीं. बुद्धानें पहिला उपदेश केला तो तिच्या वेशीबाहेर सारनाथास, तेव्हांही ती जुनीच नगरी होती. परंतु चित्रांतून जगभर प्रसिद्ध झालेला तिचा दगडी नदीकांठ, त्या पायऱ्या, ते बुरूज, पाण्यावर ओणवे झालेले ते वाडे, हें सगळें प्राचीन नाहीं. त्याचा बराच मोठा भाग अठराव्या शतकांत आणि एकोणिसाव्याच्या पूर्वार्धांत उभा राहिला. आणि तो उभा करणारांत आपले लोक फार होते. ज्या नगरीवर मराठ्यांचा अंमल कधींच बसला नाहीं, तिच्या पायाशीं त्यांनीं इतका दगड कां ओतला, हा प्रश्न मनांत घेऊन जो घाटांवर उतरेल, त्याला घाट वेगळे दिसतील.

प्रथम जागा लक्षांत घ्यावी. हिमालयांतून निघालेली गंगा बव्हंशीं आग्नेयेकडे वाहत येते. काशीपाशीं मात्र ती वळसा घेऊन उत्तरेकडे तोंड करते. दक्षिणेस असी आणि उत्तरेस वरणा या दोन लहान प्रवाहांच्या मध्यें, पश्चिमेच्या उंच कांठावर, नगरी बसली आहे. हा कांठ कंकरमिश्रित घट्ट मातीचा असल्यामुळें नदीला तो सहसा फोडतां आला नाहीं. समोरचा तीर मात्र सखल, वाळूचा, पुराच्या पाण्याखालीं जाणारा, म्हणून जवळजवळ मोकळा. उगवता सूर्य त्या मोकळ्या वाळूवरून थेट घाटांच्या तोंडावर पडतो. नदीचा असा पूर्वाभिमुख, उंच आणि टिकाऊ कांठ सांपडणें सोपें नाहीं. मग तेथें सूर्यास अर्घ्य देणारांची नगरी वसली तर नवल कसलें!

या कांठावर मराठी माणूस प्रथम आला तो पोथी घेऊन. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धांत पैठणचे रामेश्वरभट्ट काशीस जाऊन राहिले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट हे पुढें त्या नगरींतील अग्रगण्य पंडित झाले. त्यांनीं 'त्रिस्थलीसेतु' नांवाचा ग्रंथ रचला. प्रयाग, काशी आणि गया या तीन स्थळीं यात्रेकरूनें काय काय आणि कोणत्या क्रमानें करावें, हें सांगणारा हा ग्रंथ. म्हणजे आजच्या भाषेंत बोलावयाचें तर प्रवासाची मार्गदर्शिकाच. परंतु ती सुखाच्या काळांत लिहिलेली नाहीं. देवालय पाडलें गेलें असेल, लिंग जागेवर नसेल, तर यात्रेकरूनें काय करावें, हाही प्रश्न भट्टांना घ्यावा लागला आहे. त्यांचें उत्तर असें कीं लिंग नसलें तरी स्थान आहे. त्या स्थानाला प्रदक्षिणा-नमस्कार करावा. पुढें अकबराच्या कारकीर्दींत, इ. स. १५८५ च्या सुमारास, याच नारायणभट्टांच्या पुढाकारानें आणि तोडरमल्लाच्या साह्यानें विश्वनाथाचें भव्य देवालय पुन्हां उभें राहिलें.

त्याच्या थोडें आधीं, इ. स. १५७३ मध्यें, पैठणचाच दुसरा एक पुरुष काशींत गंगाकांठीं बसून आपला ग्रंथ पुरा करीत होता. एकनाथांच्या भागवतावरील मराठी टीकेची समाप्ति कार्तिकी पौर्णिमेस वाराणसींत झाली, हें त्यांनीं स्वतःच नमूद करून ठेवलें आहे. संस्कृत पांडित्याच्या त्या माहेरघरीं मराठी ओंवी लिहिली जावी, आणि तेथील पंडितांनीं आधीं कपाळाला आठ्या घालून मग तिचा गौरव करावा, ही हकीकत आपण कीर्तनांतून ऐकली आहेच. भट्टांच्या घराण्यांतील गागाभट्ट पुढें इ. स. १६७४ मध्यें रायगडावर राज्याभिषेकास आले. म्हणजे रायगडचें सिंहासन आणि काशीचा घाट यांना जोडणारा धागा पैठणच्या एका बिऱ्हाडांतून निघालेला आहे.

मात्र राज्याभिषेक झाला तेव्हां नारायणभट्टांनीं उभारलेलें विश्वनाथाचें देवालय राहिलें नव्हतें. इ. स. १६६९ मध्यें औरंगझेबाच्या आज्ञेनें तें पाडलें गेलें व तेथें मशीद झाली. पंचगंगेवरील बिंदुमाधवाच्या देवालयाचीही तीच गत झाली. पुढें शंभर वर्षें महाराष्ट्राच्या मनांत काशी होती ती अशी: स्थान आहे, देऊळ नाहीं.

अठराव्या शतकांत मराठी फौजा नर्मदा ओलांडून गेल्या, तेव्हां हें शल्य त्यांच्याबरोबर गेलें. पण आधीं गेली ती एक म्हातारी बाई. इ. स. १७३५ मध्यें थोरल्या बाजीरावाच्या मातोश्री राधाबाई यात्रेस निघाल्या. उदेपूर व जयपूर येथें त्यांचा मोठा सत्कार झाला. इतकेंच नव्हे, तर ज्या महंमदखान बंगषाशीं बाजीरावानें थोड्याच वर्षांपूर्वीं बुंदेलखंडांत झुंज दिली होती, त्यानेंही या बाईंच्या वाटेंत कांटा येऊं दिला नाहीं. राधाबाई प्रयाग, काशी, गया करून इ. स. १७३६ मध्यें परत पुण्यास आल्या. लेकानें ज्या मुलखांत तलवार फिरविली, त्याच मुलखांत आईला पालखी मिळाली. आणि उत्तरेंतील कोणता सरदार पेशव्यांशीं कसा वागूं इच्छितो, याची परीक्षा त्या पालखीच्या वाटेवर आपोआप झाली. राजकारणाचीं दप्तरें चाळणारांनीं या यात्रेकडे द्यावें तितकें लक्ष दिलें नाहीं, असें मला वाटतें.

नंतरची गोष्ट कठीण आहे. इ. स. १७४२ मध्यें मल्हारराव होळकर फौजेनिशीं त्या बाजूस असतां, मशीद पाडून पूर्वीचें देवालय उभारावें असा त्यांचा मनसुबा असल्याची वार्ता काशींत पसरली. तेथें राहणाऱ्या दाक्षिणात्य ब्राह्मणांनीं पेशव्यांकडे धांव घेतली ती मदतीसाठीं नव्हे, तर मनाईसाठीं. हें झालें तर येथला सुभा आमचे प्राण घेईल, आपण होळकरांस आवरावें, अशी त्यांची विनवणी होती. या पत्राला भेकडपणाचें म्हणणें सोपें आहे. परंतु फौज आज आली ती उद्यां कूच करणार. त्या गल्ल्यांत मुलांबाळांसह रात्र काढावयाची ती या माणसांना. तीर्थाची प्रतिष्ठा मोठी कीं तेथल्या शेजाऱ्यांचा जीव मोठा, हा प्रश्न ज्यांना प्रत्यक्ष पडला त्यांनीं आपलें उत्तर दिलें, आणि पुण्याच्या दरबारानें तें अमान्य केलें नाहीं. मल्हारराव परतले.

तरी इच्छा मावळली नाहीं. नानासाहेब पेशव्यांनीं इ. स. १७५९ मध्यें दत्ताजी शिंद्यांस लिहिलें त्यांत, अयोध्येच्या शुजाउद्दौल्याशीं बोलणें करून काशी व प्रयाग हीं दोन स्थळें पदरांत पाडून घ्यावीं, अशी आज्ञा आहे. पुढल्याच जानेवारींत दत्ताजी बुराडी घाटावर पडले. त्यानंतर भाऊसाहेबांची फौज निघाली. तिच्याबरोबर जीं हजारों बिनलढाऊ माणसें होतीं, त्यांत यात्रेकरू पुष्कळ होते, हें आपण विसरतों. फौजेच्या आश्रयानें उत्तरेकडील तीर्थें घडतील, या आशेनें तीं घरून निघालेलीं होतीं. विशीच्या आंतले नाना फडणीस आपल्या आईसह त्याच हेतूनें बरोबर होते. १४ जानेवारी १७६१ या दिवशीं पानिपतावर काय झालें तें मी सांगावयास नको. नाना कसेबसे निसटले; आई परत आली नाहीं. ज्यांना गंगा पाहावयाची होती, त्यांतले कित्येक यमुनेच्या कांठींच संपले.

शुजाउद्दौला त्या दिवशीं अब्दालीच्या बाजूस होता, आणि काशी त्याच्याकडेच राहिली. इ. स. १७६४ मध्यें बक्सार येथें तोही इंग्रजांपुढें हरला, आणि इ. स. १७७५ मध्यें, तो मरण पावल्यावर, काशीचा मुलूख त्याच्या पुत्राकडून कंपनी सरकारच्या हातीं गेला. तलवारीनें जें मागितलें तें अशा रीतीनें कायमचें हातचें गेलें. मग उरला दुसरा मार्ग: हुंडी पाठवावी, चुनारचा दगड विकत घ्यावा, आणि राज्य कोणाचेंही असो, पायरी आपली बांधावी. मला तर वाटतें कीं मराठ्यांच्या इतिहासांतील अत्यंत टिकाऊ काम या पराभूत मार्गानेंच झालें.

हा दगड काशीहून दक्षिणेस, गंगेच्या वरच्या अंगास, चुनार येथें खाणींतून निघतो. तो नावांवर घालून प्रवाहाबरोबर खालीं आणतां येत असे, ही मोठी सोय होती. परंतु पायांत काम करावयास वेळ थोडा. आषाढांत नदी चढली कीं खालच्या पायऱ्या पाण्यांत जातात, त्या पूर ओसरून गाळ उपसल्याविना दिसत नाहींत. म्हणजे पाण्याजवळचें बांधकाम वर्षाच्या कोरड्या महिन्यांतच व्हावयाचें, आणि प्रत्येक पावसाळ्यानें त्याची परीक्षा घ्यावयाची. या परीक्षेंत सगळेच उत्तीर्ण झाले नाहींत, हें पुढें येईल.

आतां होडींत बसूं. माझें सांगणें असें कीं होडी असीवरून घ्यावी, पहांटे घ्यावी, आणि प्रवाहाबरोबर उत्तरेकडे जावें. होडीवाल्याला आधींच सांगून ठेवावें कीं दशाश्वमेधावरून परत फिरावयाचें नाहीं, पंचगंगेच्या पुढें ब्रह्माघाटापर्यंत जावयाचें आहे. तो थोडे पैसे अधिक मागेल, ते द्यावे.

असीपासून निघालां कीं डाव्या हाताला भदैनीचा भाग लागतो. झांशीच्या राणी लक्ष्मीबाईंचें जन्मस्थान म्हणून तेथें स्मारक केलें आहे. इ. स. १८१८ मध्यें पेशवाई बुडाल्यावर दुसऱ्या बाजीरावाचे बंधु चिमाजीआप्पा काशींत येऊन राहिले. त्यांच्या आश्रयास असलेल्या मोरोपंत तांब्यांची ही कन्या. मणिकर्णिका हें तिचें नांव कोठून आलें, तें आणखी तासाभरानें होडींतूनच दिसेल. पुढें शिवाल्यास चेतसिंगाचा किल्ला पाण्यावर उभा आहे. इ. स. १७८१ च्या ऑगस्टांत वॉरन हेस्टिंग्सनें काशीच्या या राजाला त्याच्याच वाड्यांत कैद करविलें. लोक खवळले, शिपाई कापले गेले, आणि राजा खिडकींतून पागोट्यांचा दोर करून नदीवर उतरला व निसटला, असें वर्णन आहे. तो अखेर गेला कोठें? महादजी शिंद्यांच्या आश्रयास, ग्वाल्हेरीस. आणि तेथेंच इ. स. १८१० मध्यें वारला. काशीचे लोक मराठ्यांकडे आणि मराठे काशीकडे, अशी ही ये-जा दोन्ही बाजूंनीं होती.

केदारघाट ओलांडल्यावर राजाघाट लागतो. हा अमृतराव पेशव्यांचा. रघुनाथरावांचे हे दत्तक पुत्र इंग्रजांचें वर्षासन घेऊन उत्तरेंत स्थायिक झाले, आणि इ. स. १८२४ मध्यें काशींतच निवर्तले. पुण्याच्या इतिहासांत त्यांना कोपऱ्यांतली जागा आहे. काशींत त्यांच्या नांवें घाट आहे, आणि पुढें गणेशघाटावर त्यांचें विनायकाचें देऊळही आहे. त्यानंतर राणामहाल व दरभंगा हे भव्य वाडे येतात. दरभंग्याला लागून असलेला मुन्शीघाट नागपूर संस्थानाच्या एका दिवाणाच्या नांवाचा. पलीकडेच अहल्याबाईंचा घाट. आणि मग दशाश्वमेध, ज्याच्या पक्क्या बांधणीचा आरंभ नानासाहेब पेशव्यांच्या वेळीं, इ. स. १७४८ च्या सुमारास झाला, व पुढें अहल्याबाईंनीं ज्याचें काम करविलें. गर्दी, दिवे, ध्वनिवर्धक, सगळें येथेंच असतें. आपण पुढें जाऊं.

मानमंदिराचा महाल मात्र डोळे भरून पाहावा. अंबरच्या मानसिंगानें तो सोळाव्या-सतराव्या शतकांच्या संधीवर बांधला, आणि गच्चीवर सवाई जयसिंगानें अठराव्या शतकांत वेधशाळेचीं यंत्रें बसविलीं. मराठ्यांपूर्वींचा काशीचा दगडी घाट कसा होता, हें कळावयास त्याची खिडकी एक पुरे.

यानंतर मणिकर्णिका. येथें बोलणें थांबतें. अहोरात्र चिता जळत असतात. तेथें चित्रें घेऊं नयेत, होडीही लांबून न्यावी. घाट दगडानें बांधून काढला तो अहल्याबाईंनीं. त्यांनींच इ. स. १७८० मध्यें, जुन्या स्थानाला लागूनच, विश्वनाथाचें आजचें देवालय पुरें करविलें. अडतीस वर्षांपूर्वीं सासऱ्यांना जें करावयाचें होतें, तें सुनेनें अशा रीतीनें केलें कीं कोणाचाही जीव धोक्यांत आला नाहीं. देऊळ लहान आहे. राज्य परक्याचें, शहर गल्ल्यांचें. मिळाली तेवढ्या जागेंत तें बसविलें आहे. शिखरांवरील सोनें पंजाबच्या रणजितसिंगांचें, इ. स. १८३५ च्या सुमाराचें. शेजारीं ज्ञानवापीच्या विहिरीवरील खांबांचा मंडप इ. स. १८२८ मध्यें दौलतराव शिंद्यांच्या विधवा पत्नी बायजाबाई यांनीं बांधला. १३ डिसेंबर २०२१ या दिवशीं देवालयापासून गंगेपर्यंतचें नवें विस्तीर्ण प्रांगण खुलें झालें. त्यांत अहल्याबाईंची मूर्ति बसविली आहे. पूर्वींच्या गल्ल्या ज्यांच्या आठवणींत आहेत, त्यांना तें मोकळेपण परकें वाटेल. म्हाताऱ्या माणसांना चालणें सोपें झालें, हेंही खरें.

मणिकर्णिकेला लागूनच बायजाबाईंचा शिंदेघाट आहे. मीं मघां परीक्षेविषयीं बोललों तें याच्यासाठीं. इ. स. १८३० च्या सुमारास बायजाबाईंनीं येथें असें प्रचंड बांधकाम मांडलें कीं तें आपल्याच भारानें खचलें व नदीकडे सरकलें. आज दिसतो तो घाट नंतर पुन्हां बांधलेला. पायथ्याशीं रत्नेश्वराचें देऊळ मागें कललेल्या स्थितींत उभें आहे; वर्षाचे कित्येक महिने त्याचा गाभारा पाण्यांत असतो. कोणा एकानें आईच्या ऋणांतून मुक्त झाल्याचा गर्व केला म्हणून तें कललें, अशी कथा होडीवाला सांगेल. ती ऐकून घ्यावी. कारण मात्र पायाचें आहे: इतक्या खालीं, इतक्या नरम जमिनींत इतकें जड शिखर उभें करावयाचें नसतें.

येथून पुढें गर्दी सरते आणि आपलीं आडनांवें सुरू होतात. भोसलेघाट नागपूरकर भोसल्यांचा. काळसर, किल्ल्यासारखा, वर लक्ष्मीनारायणाचें देऊळ. मग जटारघाट, ग्वाल्हेरघाट. बालाजीघाटावरील देवळांत बिस्मिल्लाखां यांनीं लहानपणापासून सनईचा रियाझ केला. मराठ्यांच्या बालाजीच्या पायाशीं एका मुसलमान कलावंताची सनई तयार झाली, आणि १५ ऑगस्ट १९४७ च्या उत्सवांत दिल्लीस ती वाजली.

पंचगंगेवर मशिदीचे दोन उंच मनोरे एके काळीं साऱ्या नदीकांठावरून दिसत. लोक त्यांना माधवरावाचे धरहरे म्हणत. मराठी प्रवासी हें ऐकून खूश होई. वस्तुतः त्यांतला माधव पेशवा नव्हे, पाडलेल्या देवळांतला बिंदुमाधव आहे. लोकांच्या जिभेनें देवाचें नांव असें जपून ठेवलें होतें. ते मनोरे आतां नाहींत, मशीद आहे. बिंदुमाधवाचें आजचें देऊळ शेजारीं, औंधच्या पंतप्रतिनिधींचें. कार्तिकांत येथें वेळूच्या उंच काठ्यांवर आकाशदिवे चढवितात, आणि अहल्याबाईंनीं दिला असें सांगतात त्या दगडी दीपस्तंभावर दिवे लागतात. पुढें दुर्गाघाट व ब्रह्माघाट. पेशव्यांचे गुरु, कायगांवचे नारायण दीक्षित पाटणकर, यांनीं अठराव्या शतकांत हा भाग वसविला. येथें होडी सोडावी आणि गल्ल्यांतून पायीं हिंडावें. दारांवर मराठी आडनांवें अजून दिसतात. हिंदी वृत्तपत्रसृष्टीचे एक आचार्य, 'आज' पत्राचे संपादक बाबूराव विष्णु पराडकर, काशीच्या याच मराठी समाजांत इ. स. १८८३ मध्यें जन्मले.

आतां कांहीं व्यवहाराच्या गोष्टी. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत जावें. पौषांत धुकें फार, गाड्या व विमानें खोळंबतात. कार्तिकी पौर्णिमेस सारे घाट दिव्यांनीं उजळतात, पण त्या दिवशीं होडीस पाय ठेवण्यास जागा नसते. नुसता इतिहास पाहावयाचा असेल त्यानें ती तिथि टाळावी. चार दिवस हवेत: एक घाटांना, एक गल्ल्यांना, एक सारनाथास, एक हिंदु विश्वविद्यालयांतील भारत कला भवन व पैलतीरावरील रामनगरच्या किल्ल्यास. जाण्यापूर्वीं जेम्स प्रिन्सेपचीं चित्रें जरूर पाहावीं. हा इंग्रज अधिकारी इ. स. १८२० ते १८३० काशीच्या टांकसाळींत होता. त्यानें शहराचा नकाशा केला, सांडपाण्याचा भुयारी मार्ग काढला, आणि घाट असे रेखाटले कीं आजचा प्रत्येक दगड त्यांच्याशीं ताडून पाहतां येतो. गयेस पुढें जाणारांनीं कर्मनाशा नदी ध्यानांत ठेवावी. तिच्या पाण्याचा स्पर्श झाला तर सारें पुण्य जातें, अशी समजूत होती. तीवर पूल बांधण्याचें काम अठराव्या शतकाच्या अखेरीस नाना फडणिसांनीं काढलें. वाळूंत पाया लागेना, म्हणून तें पडून राहिलें, आणि पुढें काशीचे राजा पटणीमल यांनीं प्रिन्सेपच्या देखरेखीखालीं पुरें केलें. पानिपतावर आई गमावलेल्या माणसानें दुसऱ्यांच्या आयांसाठीं तो पूल मनांत आणला असेल काय, असें मला वाटून जातें. पुरावा कांहीं नाहीं.

शेवटीं उपाध्यांच्या वह्यांविषयीं. त्या पाहावयाच्या असतील तर आडनांवावर भिस्त ठेवूं नये; मूळ गांवाचें नांव आणि निदान तीन पिढ्यांचीं नांवें लिहून न्यावीं, कारण माझ्या अनुभवांत तरी शोध गांवावरून लागतो. मी गेलों तेव्हां आमच्या गांवचीं पानें निघालीं. पणजोबांचें नांव त्यांत नव्हतें. त्यांच्या वर्षांची वही महापुरांत भिजून गेली असें कळलें. परंतु त्या आधींच्या एका पानावर, आमच्याच गांवच्या कोणा बाईची नोंद होती. नवऱ्याचें नांव, त्यापुढें 'कैलासवासी', बरोबर दीर व एक मुलगा. आणि सहीच्या जागीं, लिहितां न येणाऱ्या बायकांची असे तशी, बांगडीची निशाणी. आज गांवांत त्या घराण्याचें कोणी नाहीं. ती ओळ मीं उतरून आणली आहे, आणि गडूशेजारीं ठेवली आहे.